जुन्या पिकअपच्या टपावर दिवे, पण वायर दिसायला नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं १२ व्होल्टच्या, लोखंडी टपाच्या जुन्या पिकअपसाठी आहेत. टपाच्या पुढच्या कडेचे छोटे पिवळे दिवे असोत, चार गोल स्पॉट असोत की लांब एलईडी बार, वायर लपवायची रीत बहुतेक सारखीच. फरक पडतो तो वायरीची जाडी, फ्यूज आणि रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) यांत. एक नियम मात्र सगळ्यांना लागू आहे: वायर लपवायची, जोड लपवायचा नाही. अखंड वायर पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या आत वर्षानुवर्षं नीट राहते. तिथे एखादा जोड ठेवलात, तर बिघाड त्याच जागी होतो आणि तो शोधायला टपाचं आतलं सगळं अस्तर पुन्हा उतरवावं लागतं.

काम कुठून सुरू करायचं?

वाट ठरवण्यापासून. दिवे आणि ब्रॅकेट त्यानंतर घ्या. पुष्कळ जण आधी टपाला भोक पाडतात आणि मग कळतं, की भोकाच्या बरोबर खाली आडवी पट्टी आहे आणि वायर कुठेच सरकत नाही.

बॅटरीपासून दिव्यापर्यंत, वायर जशी वळणं घेत जाणार तशीच, एक सुतळी लावून बघा. इंजिनाच्या खणातून फायरवॉल (इंजिनाचा खण आणि केबिन यांमधला पत्रा), तिथून पायाजवळचा बाजूचा पॅनेल, पुढच्या काचेचा खांब, मग टप. साध्या केबिनच्या पिकअपमध्ये हे अंतर साधारण साडेतीन ते साडेचार मीटर भरतं. दोन्ही टोकांना तीस-तीस सेंटिमीटर जास्त धरा. जास्तीची वायर कापता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो आणि तो नेमका खांबात येतो.

कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचं अर्थचं (गाडीच्या पत्र्याला जोडलेलं) टोक काढून ठेवा.

छोटे पिवळे दिवे आणि एलईडी बार यांना एकच वायरिंग चालतं का?

नाही. पाच छोटे दिवे पाच वॉटच्या बल्बचे असले, तर एकूण २५ वॉट, म्हणजे जेमतेम दोन अँपिअर. एलईडीचे असले तर त्याहून बरेच कमी. उलट १८० वॉटचा बार १५ अँपिअर ओढतो, आणि ५५ वॉटचे चार हॅलोजन स्पॉट १८ अँपिअरच्या पुढे जातात. पहिल्याला बारीक वायर आणि पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. दुसऱ्याला बॅटरीपासून स्वतंत्र लाइन, रिले आणि जाड वायर हवीच.

दोन्ही बसवायचे असतील तर दोन स्वतंत्र सर्किट करा. वायरी एकाच वाटेने गेल्या तरी चालेल.

वायर किती जाड घ्यायची?

अंदाजाने घेऊ नका, हिशोब सोपा आहे. तांब्याच्या वायरीचा एका मीटरचा रोध ढोबळमानाने असा: १ चौरस मिमीला ०.०१८ ओहम, १.५ ला ०.०१२, २.५ ला ०.००७४, ४ ला ०.००४६ आणि ६ ला ०.००३१. विजेला जायचं तसं परतही यायचं असतं, म्हणून अंतर दुप्पट धरायचं.

१५ अँपिअरचा बार, चार मीटर अंतर, म्हणजे आठ मीटर वायर. २.५ ची वायर घेतली तर १५ × ८ × ०.००७४, म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. ४ ची घेतली तर ०.५५, आणि ६ ची घेतली तर ०.३७. एलईडी बारच्या आत स्वतःचा ड्रायव्हर (प्रवाह सांभाळणारं सर्किट) असतो, त्याला अर्धा व्होल्ट कमी मिळाला तरी उजेडात फरक जाणवत नाही, त्यामुळे ४ चौरस मिमी पुरते. हॅलोजनचं तसं नाही. व्होल्टेज पाच टक्के घसरलं की उजेड पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरतो, दहा टक्के घसरलं की तीस टक्के. चार हॅलोजन स्पॉट असतील तर ६ चौरस मिमी घ्या, किंवा दोन-दोन दिव्यांच्या ४ च्या दोन लाइन करा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण ६ ची जोडी अरुंद खांबातून ओढताना फार त्रास देते.

छोट्या दिव्यांना विजेच्या हिशोबाने ०.५ सुद्धा चालेल, पण घ्यायची ०.७५ किंवा १. इतकी बारीक वायर ओढताना आतल्या आत तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहिल्यामुळे ते कळत नाही.

घरगुती वायर वापरली तर काय होतं?

ती गाडीसाठी बनलेली नसते. तिचं प्लास्टिक बहुधा ७० अंशांपर्यंतचं असतं, इंजिनाच्या खणात ते कडक होऊन तडकतं. शिवाय तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, त्या सततच्या थरथरीने तुटतात. गाडीच्या वायरिंगची, पातळ आवरणाची, निदान १०५ अंशांची वायर घ्या. क्रॉसलिंक आवरणाची १२५ अंशांची मिळाली तर इंजिनाच्या खणासाठी तीच उत्तम. पातळ आवरणाचा आणखी फायदा म्हणजे त्याच भोकातून जाड तांबं जातं.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायरही सर्रास विकली जाते. ओळखायची असेल तर एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि क्रिंप (पकडीने दाबून केलेला जोड) कालांतराने सैल पडतो.

वायर टपापर्यंत न्यायची वाट कोणती?

चार वाटा आहेत. प्रत्येक गाडीत चारही मिळत नाहीत.

सगळ्यात भरवशाची वाट पुढच्या काचेच्या खांबाची. फायरवॉलमधून आत आलेली वायर पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागून वर चढते, खांबाच्या प्लास्टिक पट्टीमागून टपाच्या अस्तरात जाते. खूप जुन्या पिकअपमध्ये खांबावर पट्टीच नसते, रंगवलेला पत्राच असतो. तिथे खांबाच्या पोकळीतूनच वायर न्यावी लागते आणि तिची तोंडं वर-खाली शोधावी लागतात. वरचं तोंड बहुधा काचेच्या वरच्या आडव्या बीममध्ये उघडतं, खालचं डॅशबोर्डच्या टोकाशी.

दुसरी वाट केबिनच्या दिव्याची. तो दिवा कारखान्यातून आलाय, म्हणजे त्याची वायर कुठून तरी वर गेलीच आहे. दिवा उघडून ती कुठल्या दिशेने जाते ते पाहा. तिच्याच सोबतीने नवी वायर न्या. मात्र दिव्याच्या वायरीतून वीज उचलू नका. पुष्कळ गाड्यांत त्या दिव्याला वीज कायम असते आणि दरवाजाचा स्विच अर्थ जोडतो-तोडतो, त्यामुळे टपावरचे दिवे एक तर सतत पेटलेले राहतात किंवा दरवाजा उघडल्यावर पेटतात.

तिसरी वाट मागची. केबिनच्या मागच्या काचेवर तिसरा ब्रेक दिवा असेल तर तो उघडा. त्याच्या मागे पत्र्यात तयार भोक असतं आणि त्यावर गॅस्केट असतं. अमेरिकी बाजारातल्या पिकअपना हा दिवा १९९४ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, त्यामुळे त्या काळानंतरच्या बहुतेकांत तो सापडतो. मागच्या रॅकवर दिवे असतील तर यापेक्षा चांगली वाट नाही. गॅस्केटला वायरीपुरती छोटी खाच द्या, वायर खालच्या बाजूने आत घ्या आणि खाचेत ब्युटाइलची (चिकट रबरी) पट्टी दाबा.

चौथी वाट बाहेरची. रबरी गॅस्केटमध्ये बसवलेली पुढची काच असेल, तर रबराची बाहेरची कड प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने उचलून तिच्याखाली बारीक वायर दाबता येते. खाली ती बॉनेटच्या मागच्या कडेशी निघते. छोट्या दिव्यांसाठी हे छान जमतं. ४ चौरस मिमीची वायर तिथे घातली तर रबर वर राहतं आणि काचेतून पाणी झिरपतं. स्क्रू ड्रायव्हरने रबर उचलायचं नाही: जुनं रबर फाटतं आणि काचेच्या कडेला चीर जाते.

दरवाजाच्या रबराखालून वायर नेली तर?

तात्पुरती चालते. दरवाजा रोज त्या वायरीवर आपटतो. सहा महिन्यांत आवरण चपटं होतं आणि एक दिवस दरवाजा लावला की फ्यूज उडतो. नेलीच तर बिजागऱ्यांच्या बाजूने न्या, कुलपाच्या बाजूने नको.

टपाचं अस्तर पूर्ण काढावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. पुढची कड दहा-पंधरा सेंटिमीटर खाली आली तरी हात जातो. सूर्यझडपांचे स्क्रू, केबिनचा दिवा, खांबांच्या दोन्ही पट्ट्या आणि पुढची पट्टी एवढं काढा. काही गाड्यांत खांबाची पट्टी सीटबेल्टच्या वरच्या बोल्टखाली अडकलेली असते. तो बोल्ट काढलाच तर परत बसवताना गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा, नुसता हाताच्या अंदाजाने नाही.

जुनं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. पट्टी ओढण्याआधी हेअर ड्रायरने दोन मिनिटं कोमट करा आणि क्लिपच्या अगदी जवळ प्लास्टिकचा चपटा उचकटणा घालून उचला. तरी तीन-चार क्लिप तुटतीलच, आधीच आणून ठेवा. अस्तराच्या कापडामागचा फोम भुगा होऊन पडत असेल, तर कापड परत चिकटणार नाही. मग अस्तर पूर्ण बाहेर काढून नवं कापड लावायचं काम सोबतच उरका.

खांबातून वायर ओढताना मध्येच अडकते. काय करायचं?

वायर कधीही ढकलायची नाही, ओढायची. आधी खेचदोरा टाका. वरून खाली मण्यांची बारीक धातूची साखळी सोडली तर ती वजनाने वाट काढते. खडखड आवाज कुठपर्यंत येतो ते ऐका. आवाज थांबला तिथे आतली पट्टी आहे. साखळी दहा सेंटिमीटर वर घ्या, थोडी फिरवा, पुन्हा सोडा. चुंबकाची काठी इथे कामाची नाही, ती खांबाच्या पत्र्यालाच चिकटते.

आडव्या बीममध्ये साखळी चालत नाही, तिथे नायलॉनची फिश टेप (वायर ओढायची लांब लवचीक पट्टी) लागते. स्टीलची घेतली तर तिचं टोक आधीच्या वायरी सोलतं. दोरा आला की वायरीची दोन टोकं एकाखाली एक अशी पायरीने बांधा, म्हणजे गाठ निमुळती होते, आणि त्यावर टेप गुळगुळीत गुंडाळा. एकाने हळू ओढायचं, दुसऱ्याने वरून वायर सरळ करत द्यायची. जोर लागला की थांबा, मागे घ्या, पुन्हा पुढे. ओढून झाल्यावर वायर जिथे जिथे पत्र्याच्या कडेवर टेकते, तिथे चढवता येईल तितकं कापडी हार्नेस टेप किंवा विणलेलं आवरण चढवा.

तो दोरा फेकू नका. वायरीबरोबर आणखी एक दोरा आत ठेवून द्या, पुढे दुसरी वायर टाकायची झाली तर हाच उपयोगी पडतो.

छताला पडदा एअरबॅग असेल तर?

जुन्या पिकअपमध्ये ती सहसा नसते, पण खांबाच्या पट्टीवर किंवा अस्तराच्या कडेला एअरबॅगचा शिक्का आहे का ते पाहून घ्या. असेल तर वायर बॅगच्या पुढून, म्हणजे बॅग आणि पट्टी यांच्यामधून, कधीही न्यायची नाही. ती मागून, पत्र्याला धरून जायला हवी आणि बॅगेला टाय करायची नाही. पिवळे कनेक्टर दिसले की तिकडे टेस्टर लावू नका. अशा गाडीत मागची वाट जास्त सुरक्षित.

टपाला भोक कसं पाडायचं?

जागा आधी आतून ठरवा, मग बाहेरून. आडव्या पट्ट्या बोटांनी चाचपा, बाहेरून टिचकी मारून आवाजातला फरक ऐका. भोक दिव्याच्या पायाखाली किंवा ब्रॅकेटच्या आड आलं पाहिजे, आणि पाणी साचतं त्या खोलगट जागी नको.

दोन वायरींच्या जोडीसाठी १२ मिमीचं भोक आणि त्यात बसणारं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारी कडी) पुरतं. पाणी थेट लागत असेल तर ग्रोमेटऐवजी बुटकी जलरोधक ग्लँड (वायरीभोवती आवळली जाणारी जोडणी) वापरा आणि तिचं तोंड मागच्या बाजूला ठेवा. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, खूण करा, सेंटर पंचाने हलका ठोका द्या. आधी ३ मिमीचं बिट, मग स्टेप बिट. स्टेप बिटवर हव्या त्या पायरीला रंगीत टेप गुंडाळा, नाही तर पातळ पत्र्यात ते एका झटक्यात पुढच्या मापाला जातं. दुहेरी पत्र्याचा टप असेल तर बिटला लाकडाचा ठोकळा अडवून खोली मर्यादित करा, म्हणजे आतला पत्रा वाचेल. बिटला ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो.

पुढचं काम लोक टाळतात, आणि गंज तिथूनच लागतो. भोकाची कड दोन्ही बाजूंनी गोल कानशीने मऊ करा, टपावरचा आणि आतला सगळा कीस ओल्या फडक्याने टिपून घ्या, कापलेल्या कडेला जस्ताचा प्रायमर लावा, वाळल्यावर रंगाचे दोन हात द्या. प्रायमर वाळेपर्यंत ग्रोमेट घालू नका. टपावर राहिलेला लोखंडाचा कीस एका पावसात रंगावर तपकिरी ठिपके पाडतो आणि ते निघत नाहीत.

सील करायला कोणतं सिलिकॉन?

व्हिनेगरसारखा वास येतो ते नको. त्यातलं आम्ल पत्रा आणि तांबं दोन्ही खातं. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन किंवा ब्युटाइल पट्टी वापरा. दिवा पुढे कधी काढायचा असेल तर ब्युटाइलच बरं: ते सोलून निघतं आणि पुन्हा लावता येतं.

सीलवर सगळी भिस्त ठेवू नका. भोकात शिरण्याआधी वायरीला खालच्या अंगाला एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं.

फायरवॉलमधून वायर कुठून न्यायची?

नवं भोक हा शेवटचा पर्याय. आधी मोकळं ग्रोमेट शोधा. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचच्या जागेवर रबरी झाकण असतं. काही मॉडेलमध्ये डाव्या-उजव्या स्टिअरिंगसाठी दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि न वापरलेल्या बाजूला बूच असतं. बॉनेटची केबल किंवा स्पीडोमीटरची केबल जाते त्या ग्रोमेटलाही बारीक छेद देता येतो. मुख्य हार्नेसच्या ग्रोमेटला छेद देताना टोचणी वापरा, ब्लेड नको.

भोक पाडावंच लागलं तर दोन्ही बाजूंनी बघून पाडा. ब्रेक बूस्टर, वायपरची जोडणी, हीटरचे पाइप आणि एसीची कॉइल फायरवॉलच्या आसपासच असतात. ग्रोमेटशिवाय पत्र्यातून गेलेली वायर आज ना उद्या शॉर्ट होते, याला अपवाद नाही.

इंजिनाच्या खणात वायर कॉरुगेटेड पाइपमध्ये घाला, दर २०-२५ सेंटिमीटरला टाय मारा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. ब्रेकच्या किंवा पेट्रोल-डिझेलच्या नळीला टाय मारायचा नाही.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ, १५-१८ सेंटिमीटरच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघड्यावर असतो आणि तो शॉर्ट झाला तर आग लागते.

माप काढताना लोडच्या सव्वापट घ्या आणि त्याच्या वरचा फ्यूज निवडा. पण वायरीला झेपेल त्यापेक्षा मोठा नको. १५ अँपिअरच्या बारला २० चा फ्यूज आणि ४ ची वायर. छोट्या दिव्यांना ५ चा. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घातला, तर पुढच्या वेळी वितळणार ती अस्तरामागची वायर.

रिले कसा जोडायचा?

साध्या चार पायांच्या रिलेत ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरीची वीज, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला स्विचकडून आलेली वायर, ८५ अर्थला. कॉइल ०.२ अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही, त्यामुळे स्विच छोटा आणि त्याची वायर ०.७५ ची चालते. त्या वायरीलाही स्वतःचा छोटा फ्यूज द्या. पाच पायांचा रिले असेल तर ८७ए मोकळा सोडून त्यावर टोपी चढवा. रिले बंद असताना त्या पायावर वीज असते.

कॉइल सोडताना व्होल्टेजचा झटका येतो. गाडीत इलेक्ट्रॉनिक काही असेल तर कॉइलवर १एन४००७ डायोड लावा, पट्ट्याचं टोक ८६ कडे. आतच डायोड असलेला रिले असेल तर ८५-८६ उलटे जोडायचे नाहीत. रिले पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत थांबत नाही.

छोटे दिवे पार्किंग लाइटबरोबर पेटायला हवेत. वीज कुठून घ्यायची?

पार्किंग लाइटच्या वायरीवरून. रंगावर विसंबू नका, जुन्या गाडीत मधे कुणी काय बदललंय सांगता येत नाही. टेस्ट लॅम्पने तपासा: स्विचच्या पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही टप्प्यांवर वीज हवी, आणि डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवल्यावर ती बदलायला नको. बदलली, तर तुम्ही मीटरच्या दिव्यांची वायर धरली आहे. एलईडी तिथे जोडले की लुकलुकतात.

जुन्या हेडलाइट स्विचमधून सगळ्या पार्किंग दिव्यांचा भार थेट जातो आणि त्याचे संपर्क आधीच झिजलेले असतात. पाच एलईडी वाढले तर फरक पडत नाही. पाच बल्ब वाढवायचे असतील तर मध्ये रिले टाका.

काही पिकअपमध्ये कारखान्यातूनच टपाच्या दिव्यांची वायर अस्तरात येऊन कनेक्टरवर थांबलेली असते. अस्तर उतरवलं की आधी ते बघा, अर्धं काम वाचेल.

अर्थ टपालाच दिली तर चालेल का?

छोट्या दिव्यांना चालते, पण करू नका. स्क्रूभोवतीचा रंग खरवडावा लागतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. फायबरचा टप असेल तर प्रश्नच मिटला. अर्थची वायर सोबत खाली आणा, पायाजवळच्या पॅनेलमागे पत्रा चकचकीत घासून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि दातेरी वायसर लावून बोल्टने आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा.

इतकं करूनही दिवे मंद असतील, तर दोष बहुधा तुमच्या वायरीत नसतो. पिकअपची केबिन रबरी माउंटवर बसते. चासीशी आणि इंजिनाशी तिचा विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीने जोडलेला असतो. जुन्या गाडीत ती पट्टी तुटलेली असते किंवा इंजिन उतरवलं तेव्हा कुणी परत लावलेलीच नसते. मग परतीची वीज ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वगैरे वाट काढते. तपासायला दिवे लावा, मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं केबिनच्या घासलेल्या पत्र्यावर. ०.१ व्होल्टच्या आत आकडा ठीक. ०.३-०.४ दिसला तर केबिन ते इंजिन नवी जाड पट्टी लावा. हेडलाइटही उजळ झालेले दिसतील.

जोडाला सोल्डर की क्रिंप?

क्रिंप, तोही रॅचेटच्या पकडीने, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). सोल्डर तारांमध्ये पुढे शिरतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक-मऊ अशी होते. थरथरीने तिथेच तुटते. सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटरच्या आत वायर बांधून टाका.

वायर न सोलता वरून चावणारे निळे-लाल कनेक्टर वापरू नका. ते काही तारा कापतात आणि ओल आत घेतात. पहिली काही वर्षं सगळं ठीक दिसतं, मग मधूनच दिवे जाऊ लागतात, आणि असा दोष शोधणं सगळ्यात कटकटीचं.

जुना अल्टरनेटर एवढा भार सोसेल का?

छोट्या दिव्यांचा विचारच करू नका. मोठ्या दिव्यांचा जरूर करा. जुन्या पिकअपचा अल्टरनेटर पुष्कळदा ४० ते ६० अँपिअरचा असतो आणि इंजिन नुसतं सुरू असताना त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. हेडलाइट दहा, ब्लोअर दहा-पंधरा, इग्निशन आणि वायपर मिळून आणखी आठ-दहा. त्यावर १५-२० अँपिअरचे टपाचे दिवे आले, तर उभ्या गाडीत बॅटरी उतरत राहते. बॅटरीवर मल्टिमीटर लावून सगळं सुरू करा. १३ च्या खाली घसरत राहिलं तर दिवे कमी करा, एलईडी घ्या किंवा मोठा अल्टरनेटर बसवा.

डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या गाडीत एक वेगळा मुद्दा येतो. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः क्रायस्लर गटाच्या, चार्जिंगचा सगळा प्रवाह फायरवॉलच्या कनेक्टरमधून त्या मीटरमध्ये जाऊन परत येतो. तिथे मोठा भार थेट बॅटरीवर जोडला की इंजिन चालू असताना त्या दिव्यांची वीज अल्टरनेटरकडून मीटरमार्गे येते, आणि फायरवॉलच्या कनेक्टरमधले पाय तापून वितळतात. अशा गाडीत भार अल्टरनेटरच्या बाजूला जोडायचा, अर्थातच फ्यूजसह. मीटर व्होल्टचा असेल तर ही काळजी नाही.

गाडी ६ व्होल्टची असेल तर?

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच पिकअप ६ व्होल्टच्या आहेत. तेवढ्याच वॉटला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून वायर आणि फ्यूजचा हिशोब नव्याने करा. त्यातल्या काहींत, १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये तर नक्कीच, बॅटरीचं धन टोक अर्थला असतं. बल्बला फरक पडत नाही, एलईडी मात्र उलटा जोडला तर पेटत नाही. धातूचा पाया आतून ऋणाला जोडलेला एलईडी दिवा अशा टपाला थेट लावला, तर शॉर्ट होऊ शकतो.

अस्तर बंद करण्याआधी काय तपासायचं?

दिवे पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि फ्यूज, रिले आणि प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसायला नको. मग बॅटरीवरचं आणि दिव्याच्या टोकाचं व्होल्टेज मोजा, फरक तुमच्या हिशोबाशी जुळायला हवा. दरवाजे आपटा, वायपर चालवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पेडल तळापर्यंत दाबा.

मग पाण्याचा पाइप. टपावर दहा मिनिटं पाणी सोडा, आधी हळू, मग पुढून जोराने, आणि आत कोरडा कागद धरून भोकाभोवती बघा. ग्रोमेटवरून थेंब येत नाही पण वायरीच्या मधून येतो, असंही होतं: तारांच्या मधून पाणी केशाकर्षणाने आत शिरतं. तसं असेल तर बाहेरच्या जोडाची हीट श्रिंक पुन्हा करा.

दिवे बंद केले तरी एलईडी किंचित मिणमिणतात. का?

बहुधा स्विचमधल्या सूचक दिव्यातून मिलिअँपिअरभर वीज पाझरते. रिले वापरला की हे थांबतं. रिले असूनही होत असेल तर अर्थ तपासा.

दिवे लावले की रेडिओत खरखर येते.

स्वस्त एलईडी बारचा ड्रायव्हर हे करतो. धन आणि अर्थची वायर एकमेकींना पीळ घालून न्या, अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवा, बारच्या जवळ दोन्ही वायरींवर मिळून एक फेराइट क्लिप लावा. अँटेना आणि वायर एकाच खांबातून गेली असेल तर खांब बदलणं हाच खात्रीचा उपाय, म्हणून वाट ठरवतानाच अँटेना कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं.

हे दिवे रस्त्यावर लावायला परवानगी असते का?

छोटे दिवे आणि स्पॉट यांचे नियम वेगळे असतात आणि देशागणिक बदलतात. अमेरिकेत ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी, किंवा त्याहून रुंद वाहनांना पुढे वर मधोमध तीन आणि दोन्ही टोकांना एकेक असे पिवळे दिवे लागतात. जुन्या मोठ्या पिकअपच्या टपावर पाच दिसतात ते त्यामुळेच. स्पॉट आणि बार सार्वजनिक रस्त्यावर पेटवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, कुठे कुठे त्यांवर झाकण घालावं लागतं. त्यांचा स्विच हेडलाइटपासून पूर्ण वेगळा ठेवा, आणि तो चुकून गुडघ्याने दबणार नाही अशा जागी बसवा.